लिहून कोण घेते?

सलग चार वर्षं मी दर रविवारी एका तरी खुनाच्या पंचनाम्यावर सही केली आहे. नालवाडीतल्या माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, बहुतेक वेळा आंघोळीच्या आधी. खून टीव्हीत झालेला असायचा, पण सही खरी असायची. तिच्याखाली माझं पूर्ण नाव, वय, धंदा आणि राहण्याचं ठिकाण. त्यातलं एक अक्षर थूल काकाजी गाळू द्यायचे नाहीत.

"वय राह्यलं तुमचं," कागद माझ्याकडे परत सरकवत ते म्हणायचे.

"मागच्या रविवारी लिहलं होतं ना, काकाजी?"

"तो गुन्हा वेगळा, हा गुन्हा वेगळा."

थूल काकाजी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे निवृत्त हवालदार. निवृत्त हवालदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मिशा येतील, दंडुका येईल. तसलं काही मनात आणू नका. अंगाने काटकुळे, नाकावर जाड चष्मा, खिशात दोन पेन, एक निळं आणि एक लाल. तीस वर्षं पोलिसात काढून त्यांनी एकही चोर पकडला नव्हता. पळताना त्यांना कुणी पाहिल्याचंही ऐकिवात नाही. ते ठाण्यातले रायटर होते. साहेब तपास करतो तेव्हा त्याच्या बाजूला बसून तो तपास कागदावर उतरवणारा माणूस म्हणजे रायटर. जबाब, जप्ती, नकाशे, पंचनामे, सगळं. सेलू, पुलगाव, आर्वी, वर्धा अशी त्यांची ठाणी बदलली, साहेब बदलले, पण काम तेच आणि लाकडी खुर्चीही बहुधा तीच.

काकू पुण्याला मुलाकडे. नातू झाला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, तो नातू आता शाळेत जातो. काकाजी दिवाळीला तिकडे जाऊन येत आणि परत आले की म्हणत, "तिथं मले काईच काम नाई."

आता ती मालिका. तिचं नाव मी सांगणार नाही. चार वर्षं माझे रविवार खाल्ले तिने, वर मीच तिची जाहिरात करू? रविवारी सकाळी अकराला लागायची. तिच्यात इन्स्पेक्टर दीवान नावाचा एक गृहस्थ असे. हा माणूस बाराही महिने लांब काळा कोट घालायचा. आमच्याकडे मे महिन्यात बनियन सहन होत नाही, आणि हा कोट घालून गच्चीवर उभा! प्रेताकडे तीन सेकंद बघायचा, भुवई वर करायचा आणि म्हणायचा, "ये ख़ुदकुशी नहीं है." झालं. आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांतून 'वाहवा' ऐकू यायची. लोक एवढ्यात कसे खूष होतात, मला कळत नाही.

काकाजी या मालिकेत शिरले ते अपघाताने. माझ्या बायकोने, शोभाने, त्यांना भाजीचा डबा पाठवला होता. रिकामा डबा परत द्यायला ते दारात आले, तेव्हा दीवानसाहेब गालिच्यावर पडलेलं पिस्तूल रुमालाने उचलत होते. काकाजी दारातच थांबले.

"याचा रायटर कोठी हाय?"

आम्हाला काही कळलं नाही.

"यानं पिस्तूल उचललं ना? पंच बोलावले नाई, मोजमाप केलं नाई, सील लावलं नाई. खिशातच टाकून राह्यला! लिहून कोण घेते?"

"काकाजी, टीव्ही हाय तो," मी म्हणालो.

"मंग? टीव्हीत कोर्ट नसते काय?"

डबा हातात धरून ते शेवटपर्यंत उभे राहिले. शेवटी दीवानने बारा पाहुण्यांसमोर, दिवाणखान्यात, खुन्याकडून गुन्हा कबूल करून घेतला. संगीत वाजलं. काकाजींचा चेहरा लालबुंद झाला होता. "सुटला!" ते ओरडले. "पहिल्याच तारखेले सुटला हा आरोपी! पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाई, हे याले कोणं सांगतलं नाई काय?" आणि डबा तसाच घेऊन घरी गेले.

मला वाटलं, बरं झालं, एवढा संताप आला म्हणजे पुन्हा काही हा माणूस बघायचा नाही. इथे माझं चुकलं. माणसं कुठल्याही गोष्टीच्या नादी लागतात ती फक्त आवडीनेच लागतात असं थोडंच आहे? कुणाला नायक आवडतो, कुणाला त्याचा कोट आवडतो. काकाजींना संताप आवडला. पुढच्या रविवारी पावणेअकराला ते हजर झाले, काखेत फूलस्केप कागदांचा गठ्ठा, कार्बन पेपर आणि टाचण्यांची डबी. "दिवाण नाई लिहत तर नाई लिहत," सोफ्यावर मांडी ठोकत म्हणाले, "आपण लिहू."

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता अशातला भाग नाही. चांगला रंगीत टीव्ही होता. पण पंचनाम्याला दोन पंच लागतात आणि त्यांच्या घरात ते एकटेच. म्हणून माझं घर. पंच क्रमांक एक मी, आणि पंच क्रमांक दोन समोरचे भोयर. भोयर डेअरीत रात्रपाळी करतात, त्यामुळे रविवारी सकाळी ते कुठेही बसले की झोपतात. कुणी किंचाळलं की तेवढ्यापुरते जागे होत. काकाजींनी हे लपवलं नाही. सरळ लिहीत, "पंच क्र. २ हे काही काळ झोपेत असल्याने त्यांनी फक्त प्रेत पाहिले."

हे पंचनामे म्हणजे काय प्रकार होता, ते वाचल्याशिवाय कळणार नाही. एकदा समुद्रकाठच्या बंगल्यात खून झाला. काकाजींनी घटनास्थळाच्या चतुःसीमा लिहिल्या: "पूर्वेस जिना, पश्चिमेस समुद्र, उत्तरेस कपाट, दक्षिणेस कॅमेरा." आणि खाली: "मृताचे डोळे मिटलेले असून पोट मात्र वरखाली होत असल्याचे पंचांस दिसले." मी म्हणालो, काकाजी, हे कशाला? तर म्हणाले, "दिसलं ना? मंग नोंद पायजे."

मी किती चिडत होतो म्हणून सांगू. आठवडाभर कृषी केंद्रात बियाणं आणि खतं विकून माणसाला एक रविवार मिळतो. त्यात मधेच उठून पाणी प्यायची सोय नाही, कारण "घटनास्थळ सोडू नका." माझा मेहुणा नागपूरहून पहिल्यांदा घरी आला, तर चहाच्या आधी त्याला पंच केला. तो पुन्हा रविवारी आला नाही. शोभा तर स्वयंपाकघरातून भांडी अशी आपटायची की बाहेरच्या खुनाचा आवाज ऐकू येऊ नये. "तीन माणसं बसून खोट्या मुडद्याचे कागद करून राह्यले," ती मला ऐकवायची, "आन् घरात गहू निवडाले कोणी नाई." तिने चार वर्षांत त्या मालिकेकडे एकदा मान वळवून पाहिलं नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी काकाजी मालिकावाल्यांना पत्र पाठवत. मजकूर एकच. "सविनय सादर, इन्स्पेक्टर दीवान यांच्यासोबत एक रायटर दाखवण्यात यावा. तो बोलला नाही तरी चालेल. बसून लिहिताना दाखवावा, ही विनंती." उत्तर येत नसे. काकाजी स्मरणपत्र पाठवत, स्मरणपत्राचं स्मरणपत्र पाठवत, आणि प्रत्येकाची स्थळप्रत टाचणी लावून ठेवत.

एका रविवारी माझा पारा चढला. लाइट गेली होती, पंखा बंद, घामाच्या धारा, आणि काकाजी अर्ध्या भागाचाच पंचनामा करू म्हणत होते. मी म्हणालो, "एक सांगा, काकाजी. तो रायटर दिसला न् नाई दिसला, तुमाले काय फरक पडते?"

ते रागावले नाहीत. घरी जाऊन वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण घेऊन आले. कुठल्याशा मोठ्या दरोड्याचा तपास लागला तेव्हाचा फोटो. मधे ठाणेदार, दोन्ही बाजूंना शिपाई, समोर टेबलावर दागिने. डाव्या कडेला, चौकटीत जेमतेम, कुणाचं तरी एक कोपर.

"हे माझं," काकाजी म्हणाले. "दोनशे दहा पानं लिहले होते त्या केसचे म्या. आरोपी सुटला नाई. साहेबाले बक्षीस भेटलं. चांगला होता साहेब, त्याचं काई नाई." मग कोपरावरून बोट फिरवत म्हणाले, "फोटोवाला म्हणे, हवालदार, थोडं बाजूले सरका."

त्या दिवसापासून मला त्या दीवानचा खरोखर राग यायला लागला. आधी रविवार गेल्याचा राग होता, तो बाजूला पडला. याने प्रेताला हात लावला की माझ्याच तोंडून निघायचं, "अबे, लिहून कोण घेते?" खुनी कोण याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नाही. ठाण्याचा देखावा आला की मी खुर्च्या मोजत बसायचो. एखाद्या मालिकेचा भक्त म्हणतात तो हाच असेल, तर होय, मी झालो होतो. दर रविवारी साडेदहालाच आंघोळ उरकायला लागलो, यावरून काय ते समजा.

आणि मग रोहणा गावातलं एक लग्न आलं. काकाजींच्या पुतणीचं. तेही रविवारी, सकाळी. काकाजी जावई आणि सोयरे यांच्यावर इतके भडकले की लग्न मोडतं की काय असं मला वाटलं. शेवटी नवा शर्ट घालून निघाले. फाटकातून परत वळून म्हणाले, "नीट पाहून ठेवजा. परत आल्यावर जबाब घेतो."

त्या दिवशी तो दिसला.

दीवानसाहेब ठाण्यात एका बाईला प्रश्न विचारत होते. त्यांच्या मागे, खिडकीखाली, एक लहानसं टेबल. टेबलावर वाकून एक माणूस लिहीत होता. खाकी शर्ट, चष्मा. त्याने बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि पुन्हा लिहायला लागला. मग दीवानचा कोट मधे आला. मी उभा राहून ओरडलो. भोयर दचकून जागे झाले आणि म्हणाले, "कोण मेलं?"

पाचच्या बसने काकाजी आले. मी त्यांच्या फाटकातच गाठलं. "दिसला, काकाजी! रायटर दिसला!"

आनंद नाही, काही नाही. ते आत गेले, चष्मा पुसला, कागद घेतले, कार्बन लावला. "कोणत्या हातानं लिहत होता?" उजव्या. "टेबल कोण्या बाजूले?" खिडकीखाली. "टोपी?" टेबलावर काढून ठेवलेली. त्यांनी सगळं नीट उतरवून घेतलं. मग वर बघून विचारलं, "दुसरा पंच?"

मी तिथेच ढेपाळलो. भोयर झोपले होते, हे ते स्वतःच कबूल करत होते. मी तसाच गल्लीत निघालो. आठ घरं पालथी घातली. सगळ्यांनी भाग पाहिला होता. बाईची साडी आठवत होती, सुरा आठवत होता, दीवान काय म्हणाला ते तर पाठ होतं. लिहिणारा माणूस? असा कुणी नव्हताच म्हणाले. "अहो, समोर बसला होता!" मी शेवटच्या घरी इतका ओरडलो की त्यांनी दार लावून घेतलं. डोळे असून आंधळी माणसं!

परत येऊन मी हे सांगितलं, तेव्हा काकाजी जराही चिडले नाहीत.

"नाई दिसत, दिलीपभाऊ," ते म्हणाले. "तसाच असते तो." आणि कागदाची घडी घालायला लागले. "एका पंचाचा पंचनामा होत नाई."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी पाह्यला ना, काकाजी."

शोभा. पदराला हात पुसत उभी. मी तिच्याकडे बघतच राहिलो. सकाळी अकरा ते बारा ती भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटत होती, हे मी शपथेवर सांगतो.

काकाजींनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "कोणता शर्ट होता, बाई?"

"पांढरा," शोभा ठणकावून म्हणाली.

खोटा पंच आपण उंबऱ्यातच ओळखतो, असं काकाजी नेहमी सांगत. तसल्या माणसाला ठाण्याच्या पायरीवरून हाकलल्याच्या गोष्टी त्यांनी मला दहादा ऐकवल्या होत्या. साहेबाने सांगितलं तरी आपल्या हाताने खोटी साक्ष लिहिली नाही, एवढा एकच गर्व त्या माणसाला होता. त्यांनी शोभाकडे खूप वेळ पाहिलं. तिने नजर खाली केली नाही.

मग काकाजींनी घडी उलगडली आणि पेन उघडलं.

"खाकी लिहतो, बाई. चालीन ना?"

"चालते."

लिहून झाल्यावर पंचांना वाचून दाखवावं लागतं, तसं वाचायला लागले. "सदर इसम खिडकीखाली बसून" इथपर्यंत वाचलं. कागद त्यांनी माझ्या हातात दिला आणि बाकीचं मी वाचलं.

सह्या झाल्या. त्यांनी कार्बन काढला, खालची प्रत वेगळी केली, पाठपोट न्याहाळली.

"हे पुण्याले पाठवतो," ते म्हणाले. "तुमची काकू जलमभर म्हणे, दिवसभर ठाण्यात बसून तुमी करता तरी काय. तिले सांगता आलं नाई मले कधी."

मग नेहमीसारखा आवाज चढवून आमच्यावरच खेकसले. "पाहत काय राह्यले? कार्बनची सही चालत नाई. या प्रतीवर ताजी पायजे!"

मी पेन उचलणार, तर शोभाने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्या आधी सही केली.