आधी वाचून दाखव, मग अंगठा

रहांगडाले गुरुजी दुकानात आले की मी बाकीच्या गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगतो. कारण कॉम्प्युटरवर आलेली प्रत्येक सूचना गुरुजी मोठ्याने वाचतात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, आणि तोवर कुणाला बटणाला हात लावू देत नाहीत. सडक अर्जुनीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर हायवेवर ट्रकांचे हॉर्न, आत गुरुजींचा आवाज. हॉर्न तरी मधूनमधून थांबतात.

गुरुजींचं वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी गेली, मूलबाळ नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते गावोगावच्या बायांचे अर्ज फुकट लिहून देतात. अर्ज लिहायचा, वाचून दाखवायचा, समजला का विचारायचं आणि मगच सही घ्यायची. सही येत नसेल तर त्यांच्या पिशवीत शाईचं पॅड असतंच. "आधी वाचून दाखव, मग अंगठा," हे त्यांचं पालुपद. बँकेत, तहसिलीत सगळ्यांनी ते ऐकलं आहे. एकदा तर भर मांडवात भटजींना थांबवून, मंत्रांचा अर्थ आधी पोरीला सांगा म्हणाले. जेवणाच्या पंगती तासभर खोळंबल्या.

हात थरथरायला लागले म्हणून गेल्या वर्षी त्यांनी लॅपटॉप घेतला. सुरू मीच करून दिला आणि तिथेच माती खाल्ली. अटी मान्य आहेत का, तुमचं ठिकाण कळवू का, तुम्ही टाइप केलेलं पाठवू का, असं ते यंत्र विचारत गेलं आणि मी सगळीकडे 'हो' दाबत गेलो. सगळे दुकानदार हेच करतात.

पंधरा दिवसांनी गुरुजी लॅपटॉप काखोटीला मारून आले. शब्दकोश घेऊन त्यांनी अख्खा करार वाचला होता, वहीत अर्थ उतरवला होता. माझ्या जागी तू 'हो' म्हणणारा कोण, असं विचारून त्यांनी मला आधी घामाघूम केलं. मग वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तुमचा अनुभव सुधारण्यासाठी आम्ही माहिती गोळा करतो, असं तिथे लिहिलेलं.

"माहा अनुभव अठ्ठ्याहत्तर वर्साचा हाय," गुरुजी म्हणाले. "तो सुधरवणारा हा कोण?"

मी म्हटलं, सगळ्यांचीच माहिती जाते, आपल्यासारख्यांच्या माहितीत काय ठेवलंय? त्यावर ते असे भडकले की शेजारचा पानठेलेवाला डोकावून गेला. चोराने साऱ्या गावाची घरं फोडली म्हणजे ती चोरी नव्हे का, असा त्यांचा सवाल. शिवाय पडद्यावर 'हो' होतं, 'नंतर विचारा' होतं, पण 'नाही' कुठेच नव्हतं. "पोरगी पाहाले आलेल्यालेही नाई म्हणता येते, बावा. याले काऊन नाई?"

मी शोधून शोधून एकेक गोष्ट बंद केली. महिन्याभराने अपडेट आला आणि त्यातलं अर्धं आपोआप पुन्हा सुरू झालं. खरं सांगतो, तेव्हा माझंही टाळकं सणकलं. आपण रोख मोजून आणलेली वस्तू, आणि आपण लावलेली कडी ती आपल्याला न विचारता काढते म्हणजे काय? संतापाने सगळं धुंडाळताना आणखी एक सापडलं. गुरुजींच्या अर्जांचा अख्खा फोल्डर पहिल्या दिवसापासून कंपनीच्या क्लाउडवर जात होता. मी दाबलेल्या एका 'हो'मुळे.

गुरुजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नवऱ्यानं मारलं, भावानं हाकललं, असे अर्ज हायेत त्यात. त्या बायाईनं मले सांगतलं, कंपनीले नाई."

क्लाउडवरचं मी पुसलं. पण तिथून ते खरंच गेलं का, हे मलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी सायकलवर निघाले. ज्या ज्या बाईचा अर्ज, तिच्या दारात जाऊन सांगायचं, की तुझा कागद तुला न विचारता माझ्या घरून बाहेर गेला. मी परोपरीने विनवलं. उगाच बभ्रा होईल, पुढे कुणी अर्ज लिहायला येणार नाही. आणि त्या अर्जांशिवाय गुरुजींच्या ओट्यावर येत होतं तरी कोण? पण ऐकतील तर ते गुरुजी कसले.

आठवड्याने ते आमच्याच घरी आले, माझ्या आईकडे. मामाने माहेरच्या, बोदलकशाच्या शेतीसाठी आईचा अंगठा हक्कसोडीच्या कागदावर घेतला होता, हे मला ठाऊक होतं. त्याविरुद्ध तिने गुरुजींकडून अर्ज लिहून घेतला होता, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. तो अर्ज अजून तिच्या पेटीतच होता.

आई सुपात तांदूळ निवडत होती. गुरुजींनी कागद बाहेर गेल्याचं सांगितलं. 'हो' मी दाबलं होतं, असं मी मधेच कबूल केलं, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं.

"बाई, तुमच्या भावानं अंगठा घेतला, त्या कागदावर साक्षीदार मी होतो," ते म्हणाले. "तुमच्या गावात नवा मास्तर होतो. त्यानं सही मांगतली, मी केली. मी वाचला नाई. तुमालेही वाचून दाखवला नाई."

मी आईकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता ती त्यांना हाकलणार.

"मले मालूम हाय, गुरुजी," आई म्हणाली. "म्हणून तं तुमच्याचकडं आली लिवून घ्याले. चाळीस वर्सानं का होईना, त्याच माणसानं मले माहा कागद वाचून दाखवला."

मग ती उठली, पेटीतून अर्ज आणला आणि गुरुजींच्या हातात दिला. "पुन्हा एक डाव वाचा. पोराले आयकू द्या. मंग तहसिलीत देऊन टाकू."

गुरुजींना चष्मा सापडेना. मी तो त्यांच्या खिशातून काढून दिला. त्यांनी पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, पण लवकर आटपा असं मी म्हणालो नाही.