दोन सुतांची चकती

"मिस्त्री आल्यावर पाहू," असं वकीलसाहेब म्हणाले होते. तेवढ्यावर मी "हो जी" म्हणून फाटकाजवळच्या स्टुलावर जाऊन बसलो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच करून आणतो." (हे मी सांगतो आहे आणि माझी नात शामला लिहिते आहे. शाळेत मी गेलो नाही. अक्षर तिचं, अक्कल माझी. कमी पडली तर तिला बोल लावू नका.)

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. नागपूरला गोळीबार चौकात आमच्या घरी दोन माग होते, मी काठाची लुगडी विणायचो. पुढे मागाला काम राहिलं नाही, म्हणून रामदासपेठेत मनोहरराव वकिलांच्या बंगल्यावर लागलो. फाटक उघडायचं, झाडांना पाणी घालायचं आणि साहेबांची गाडी पुसायची. गाडी लाल रंगाची, विलायती, दोनच सीटची, शर्यतीतली. इतकी बुटकी, की आत बसल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्याच्या डोळ्याला डोळा भिडायचा. तिची जुनी चाकं कुठे मिळेनात म्हणून साहेबांनी दुसऱ्या गाडीची बसवली होती. बसली खरी, पण वळण घेतलं की पुढचं टायर आतल्या दांड्याला घासायचं. खर्रर्र.

"स्पेसर लागेल," साहेब म्हणाले.

मी ऐकलं, पेशकार लागेल. पेशकार म्हणजे कोर्टातला कारकून, वकिलाच्या घरी हा शब्द रोजचा. म्हटलं, "साहेब, पेशकार चाकात कायले?"

साहेब हसले नाहीत. (मोठे वकील. हसण्याचीही वेगळी फी असावी.) त्यांनी समजावून सांगितलं. चाकाच्या मागे लोखंडी चकती घालायची, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकतं. पण चकती त्याच गाडीच्या मापाची हवी. भोकं तेवढीच, त्यांच्यातलं अंतर तेच, मधलं मोठं भोक तेच, आणि जाडी लागेल तेवढीच, जास्त नाही. मिस्त्री पेरणीला गावी गेला होता. तो आल्यावर पाहू.

मग मला घाई काय होती? घाई माझी नव्हती, अनुसयेची होती.

अनुसया माझी बायको. तिचं माहेर कुही. तिच्या भावानं, रुपरावनं, नवं घर बांधलं होतं आणि येत्या रविवारी घरभरणी होती. साहेबांची तिकडे धानाची शेती. ते म्हणाले, "मी रविवारी जातोच आहे, तुम्हा दोघांना सोडतो." एका सीटवर साहेब, एकीवर अनुसया. मागे एक फळी होती, तिथे साहेबांची छत्री असायची. छत्री घरी राहिली तर तिथे मी.

अनुसयेनं त्याच दिवशी शेजारणीकडून भावाला कार्ड लिहून घेतलं, की आम्ही मोटरीनं येऊन राहिलो. त्यालाही कारण होतं. मागच्या खेपेला तिची भावजय जनाबाई चारचौघींत म्हणाली होती, "काय वं नागपूरवाली, कोनाच्या रेंगीतून उतरली?" रेंगी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. त्या प्रश्नाचं उत्तर अनुसया दोन वर्षं मनात बाळगून होती. आणि आता ते उत्तर चाकात घासत होतं.

माप कसं घ्यावं? मला इंच वाचता येत नाही. पण सूत समजतं. मागावरचं उरलेलं सूत घेतलं, चाक काढलं आणि बोल्टांवर ताणलं. समोरासमोरच्या बोल्टांची एक गाठ, शेजारशेजारच्यांची दुसरी, मधल्या भोकाचा फेरा घेऊन तिसरी. मग चाक परत लावून टायर कुठे घासतं ते पाहिलं. जेमतेम टेकत होतं. नट थोडे ढिले करून चाक बाहेर ओढलं, तेव्हा सूत दुहेरी करून त्या फटीतून सरकलं. एवढी जागा झाली की पुरे. दोन सूत.

ते घेऊन मी ताराचंदच्या दुकानी गेलो. त्याचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन. घरघर इतकी, की बोलणं ओरडूनच.

"हे काय जी?" गाठीचा दोरा उचलून त्यानं विचारलं. "कोन्या बाबाचा गंडा आणला का?"

"माप आहे गा."

त्यानं दोरा लोखंडावर ताणला. "भोकं चार?"

"चार. ही गाठ समोरासमोरची, ही शेजारची. हा फेरा मधल्या भोकाचा."

"वा! पट्टी घेऊन येनारे लोक इतकं बरोबर नाही आणत. अन् जाडी? किती सूत?"

मला भरून आलं. माग बंद पडल्यापासून मला कोणी सुताचं विचारलं नव्हतं, आणि हा लोखंडाच्या कचऱ्यात उभा राहून विचारत होता.

"दोन सूत," मी म्हणालो.

"पक्कं ना?"

"अरे, सात पिढ्या सुतात गेल्या आमच्या. दोन म्हंजे दोन."

"असं गिऱ्हाईक पाहिजे! बाकीचे येते अन् म्हन्ते, बोटाएवढी कर. कोनाचं बोट, बाप्पा?"

आम्ही दोघे एकमेकांवर फार खूश झालो. दोन शहाणे भेटले की असंच होतं.

शनिवारी चकत्या मिळाल्या, पुढच्या दोन चाकांच्या दोन. चकाचक, जड. जरा जाड वाटल्या. पण म्हटलं, लोखंड आहे, सुतासारखं बारीक थोडंच राहणार? भोकं बोल्टांवर अशी गेली, जशी मनगटात बांगडी. नट मी स्वतः पिळले. मागावर बसणाऱ्याला मोजायची सवय असते. काढताना प्रत्येक नट आठ फेऱ्यांनी निघाला होता, आता तिसऱ्यातच घट्ट झाला. वाटलं, नवं लोखंड आहे, लवकर धरतं. चाक वळवून पाहिलं. खर्रर्र नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास!"

रविवारी सकाळी अनुसया बंगल्यावर आली. हिरवं लुगडं, काठ माझ्याच मागावरचा. साहेबांनी दार उघडून दिलं. ती आधी पाय, मग डोकं, की आधी डोकं, मग पाय, या विचारात थोडा वेळ उभी राहिली, आणि शेवटी बसली. ताठ. हात मांडीवर, फोटो काढायला बसतात तशी. मी लाडवांचं गाठोडं तिच्याकडे द्यायला गेलो, तर गाठ सुटली आणि लाडू गाडीखाली पांगले.

"गाठ कोनं बांधली?" अनुसयेनं विचारलं.

"मी."

"गाठीबाहेर फडक्याची शेव केवढी ठेवली होती?"

मी चिमटीनं दाखवली.

"कोष्ट्याच्या घरात हे सांगा लागते का जी? आखूड शेव ठेवली तर ते गाठीचं सोंग होते, गाठ नाही होत."

मी लाडू गोळा करायला वाकलो. एक पुढच्या चाकापाशी थांबला होता. तो उचलताना नजर नटावर गेली. बोल्टाचं टोक नटाच्या बाहेर यायला पाहिजे. रोज पुसायचो तेव्हा फडक्याला लागायचं. आज नटाच्या तोंडात अंधार होता. टोक आतच, कुठेतरी खोल.

आखूड शेव.

"चंद्रभान, बस लवकर," साहेबांनी गाडी सुरू केली.

मी लाडू हातात घेऊन तसाच बसून राहिलो. तीन फेरे म्हणजे काहीच नाही असं नाही. पोचलोही असतो कदाचित. लोक याहून कच्च्या गाठींवर जन्म काढतात. वर पाहिलं तर अनुसया अजून ताठच बसली होती, समोर कुही दिसत असल्यासारखी. मला वाटलं, निदान चौकापर्यंत जाऊ द्यावं. मग वाटलं, चाक काही चौक पाहून निघणार नाही.

"साहेब," मी म्हणालो, "गाडी बंद करा जी."

मी नट फिरवला. एक, दोन, तीन, की हातात. साहेबांचा चेहरा उतरला.

"चकती किती जाडीची सांगितली होतीस?"

"दोन सूत."

"दोन सूत म्हणजे पाव इंच झालं! हे कोणी सांगितलं तुला?"

"कोनी नाही जी. हे पाहा." मी खिशातला दोरा काढून दुहेरी केला आणि त्यांच्यासमोर धरला. "दोन सूत."

साहेबांनी दोऱ्याकडे पाहिलं, चकतीकडे पाहिलं, आणि मग हसले. फुकट हसले. "अरे, लोखंडवाल्यांचं सूत वेगळं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत."

मी मनात म्हटलं, देवानं वाचवलं. सूत शंभर नंबरचं आहे, बारीकात बारीक, हेही मी ताराचंदला मोठेपणानं सांगणार होतो. त्यानं शंभर सूत जाडी धरली असती तर चाकं रामदासपेठेत आणि गाडी सीताबर्डीत राहिली असती.

अनुसया उतरली. लाडू पुसून गाठोडं तिनंच बांधलं, हातभर शेव ठेवून. आम्ही एसटीनं निघालो.

बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "उतरवलं मले."

"हो."

"परत आल्यावर सांगितलं असतं तर?"

"परत आलो नसतो तर?"

पुढच्या गावाशी तिनं विचारलं, "तीनच फेरे होते का?"

"तीनच."

"लग्नाले बी सात लागते," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली.

कुहीत रुपरावची अख्खी गल्ली झाडून, सडा टाकून तयार. शेजारपाजारचे मोटर पाहायला उभे. आम्ही स्टँडवरून पायी, धुळीनं भरलेले. जनाबाई पुढे आली. "मोटर कुठं ठेवली वं?"

मी मान खाली घातली. अनुसया म्हणाली, "होती. मी बसली होती तिच्यात. चाक कच्चं होतं, यायनं उतरवलं." (यायनं म्हणजे यांनी, म्हणजे मी.)

"चाक कोनं बसवलं होतं?"

"यायनंच."

"म्हंजे यायनंच बिघडवलं अन् यायनंच उतरवलं?" जनाबाई हसली, तिच्यामागे गल्ली हसली.

"हो," अनुसया म्हणाली. "बिघडवनारे घरोघरी आहे वं. आपन बिघडवलं म्हनून सांगनारा दाखव एखादा."

रुपराव उगाच फेटा सारखा करू लागला. मला वाटलं, इतक्या वर्षांत हिनं माझं पहिल्यांदा कौतुक केलं. त्या आनंदात जेवायला बसलो. तिनं माझ्या ताटात दोन लाडू वाढले. दोन्ही गाडीखालचे होते.

मिस्त्री आला आणि त्यानं तुपाच्या डब्याच्या पत्र्याची चकती कापून चाकामागे घातली. घासणं थांबलं. मी पत्र्याला दोरा लावून पाहिला. बरोबर दोन सूत. माझे दोन सूत. हे मी अनुसयेला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मंग पत्राच सांगायचा होता." पुढे साहेबांना कंबरेनं धरलं, बुटक्या गाडीत बसवेना, आणि दिवाळीआधी त्यांनी ती विकली. अनुसया त्या मोटरीत बसली ती तेवढीच, लाडू गोळा होईपर्यंत.

चकत्या मात्र राहिल्या. एक ताराचंदच्या भिंतीवर आहे, माझ्या गाठीच्या दोऱ्यासकट. नव्या गिऱ्हाइकाला तो आधी विचारतो, "सूत कोणतं, लोखंडाचं का कापसाचं?" दुसरी आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवर आहे, झाकण दाबायला. परवा शामलानं तिच्या चार भोकांत बोटं घालून विचारलं, "आजी, हे काय आहे वं?"

"हे तुह्या आबाची मोटर आहे, बाई," अनुसया म्हणाली. "आतापावतर एवढीच आली. बाकीची यायची आहे."