आऊसाहेबांचा डोळा आणि खेळयंत्राची हकीकत

वाणी देणाऱ्या शारदेस आणि ऐकून घेणाऱ्या श्रोत्यांस दंडवत. शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सरी, कार्तिक मासी राज्यात जे घडले ते पाहिले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले ते चवीपुरते.

रायाजी महाराज राज्य करीत असता त्यांजपाशी हातात मावेल ऐसे एक खेळयंत्र होते, आणि त्यात महाराजांनी तीन वर्षे मोहीम चालवून एकशे चार किल्ले घेतले होते. इतक्यात महाराजांच्या मातोश्री आऊसाहेब यांच्या एका डोळ्याचा पडदा सुटला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि बजाविले की पंधरा दिवस मान खालीच ठेवावी, वर केली तर डोळा गेला. मग मंचकास तोंडाजोगे भोक पाडून आऊसाहेबांस पालथे निजविले. दुसरा डोळा शाबूत, परंतु पाहण्यास फरशी तेवढी. आणि राज्याचा रिवाज ऐसा की आऊसाहेबांपुढे कोणी बसू नये, महाराजांनीही नाही; त्यामुळे जो येई तो उभ्याने मुजरा करी आणि आऊसाहेबांस पावले दिसत. दुसरेच दिवशी कोण आले म्हणून त्यांनी मान उचलली, ती दासींनी धरली म्हणून निभावले. महाराज बहुत भ्याले.

तेव्हा चिटणीस विसाजी त्रिंबक यांनी अर्ज केला, "महाराज, हे यंत्र नुसतं खेळायचं नव्हे. यात गाणी वाजतात, फोटो दिसतात, सिनेमाही चालतो. फरशीवर ठेवलं तर बरोबर आऊसाहेबांच्या नजरेखाली येईल."

"तीन वर्षं वापरतोय, मला कुणी बोललं नाही."

"आपण खेळत असताना बोलायची सोय नव्हती."

सिनेमा आहे तैसा यंत्र घेईना, म्हणून विसाजींनी संगणकावर बसून तो यंत्राच्या मापाचा केला, आणि गाण्यांचा कप्पा निराळा, फोटोंचा निराळा लावला, आणि यंत्र उशीस टेकवून मांडले. आऊसाहेबांनी सिनेमे पाहिले, अभंग ऐकले, आणि तीन दिवस मान हलली नाही. मग म्हणाल्या, "नटनट्या पुरे. पाय बघून माणसं ओळखायचा कंटाळा आला. मला आपली माणसं दाखवा."

मग महाराजांनी स्वतः कॅमेरा घेतला आणि दिवाणापासून आचाऱ्यापर्यंत एकेकास बोलते करून टिपले. ते व्हिडिओ बहुत झाले आणि यंत्राच्या कार्डात जागा पुरेना.

विसाजी हळूच म्हणाले, "खेळ काढावा लागेल. मोहीमही त्याबरोबर जाईल."

"सगळी?"

"सगळी."

महाराजांनी एकशे चार किल्ले शेवटचे एकदा फिरून पाहिले. कोणी हसू नये. तीन वर्षांचे काम, खेळातले का असेना, आपल्या हाताने पुसणे सोपे नव्हे. मजला त्यांची दया आली. मग महाराजांनी ते पुसले.

आऊसाहेबांनी एकेक मुख पाहिले, आचाऱ्याच्या नव्या दातांस हसल्या, आणि शेवटी विचारिले, "सगळे आले. रायाजी, तू कुठं आहेस?"

तेव्हा उमगले की कॅमेरा धरणारा तेवढा राहिला. विसाजी म्हणाले, "आत्ता टिपून घालतो, अर्धा तास लागेल."

"अर्धा तास कशाला? इथंच उभा आहे ना तो?" ऐसे म्हणून आऊसाहेब मान वर करू लागल्या. मग महाराजांनी रिवाज पाहिला नाही, मंदील काढिला, यंत्र बाजूस सारिले, आणि फरशीवर उताणे पडून मंचकाखाली सरकले. मानकऱ्यांनी भिंतीकडे तोंडे केली.

"हं, आऊसाहेब. बघा."

आऊसाहेबांनी बहुत वेळ पाहिले. "दाढी नाही केलीस?"

"राहिली."

"डोळ्यांखाली किती काळं झालंय. जेवत जा वेळेवर." आणि मान सैल सोडली.

पुढे रोज महाराज तेथे पडून राहू लागले. पंधरा दिवस पुरे झाले आणि डोळा वाचला. सारांश, यंत्राने काही दिवस राखले, महाराजांनी उरलेले. रिवाज मात्र मोडला. हल्ली आऊसाहेबांपुढे लोक बसतात, आणि जवळ बसतात. पाहिले ते लिहिले, अधिक-उणे श्रोत्यांनी पोटात घालावे.