मोत्यांच्या मंडळात शीलाताई

शीलाताईंनी एकावन्नाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा नवऱ्याला एकच गोष्ट बजावून सांगितली होती.

"हे बघा, मी तिथं शिकायला चाललेय, वय मिरवायला नाही. महिन्याभरात त्या पोरींमध्ये अशी मिसळून जाईन ना, की तुम्ही गेटवर घ्यायला आलात तर मला ओळखणार नाही!"

प्रतापराव कुवेतच्या तेल कंपनीत इंजिनिअर. आयुष्य शिफ्टमध्ये गेल्यामुळे बायकोचं बोलणं ते नेहमी अर्धवट झोपेत ऐकत. "मग मी गेटवर येतच नाही," असं म्हणून त्यांनी कूस बदलली.

आणि खरोखरच शीलाताई मिसळून गेल्या. पण पोरींमध्ये नाही, प्राध्यापकांमध्ये! पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तर अख्खा वर्ग गप्प होऊन सावरून बसला. शिपायानं त्यांना स्टाफरूममध्ये नेऊन चहा दिला. एका मुलीच्या आईनं तर त्यांना कॉरिडॉरमध्येच गाठलं आणि मुलीला इतके कमी मार्क का दिले म्हणून जाब विचारला. शीलाताईंनी घाबरून माफी मागितली, वर पुढच्या वेळी वाढवून देण्याचं कबूलही करून टाकलं!

त्यांच्या वर्गात ओळखीचं असं एकच माणूस होतं, जुईली. हवल्लीतल्या त्यांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहणाऱ्या शर्वरीची मुलगी. जन्म कुवेतचा. तिच्या कानात मराठी शिरायचं आणि तोंडातून इंग्रजी बाहेर पडायचं.

"शीलाकाकू, यू नीड फ्रेंड्स," एक दिवस कॅन्टीनमध्ये ती म्हणाली. "आमची सोरोरिटी जॉईन करा ना. द पर्ल्स."

"म्हणजे काय असतं गं?"

"ओन्ली गर्ल्स. सगळ्या सिस्टर्स. मीटिंग्ज, सीक्रेट्स, इव्हेंट्स, असं सगळं."

"म्हणजे भगिनी मंडळ!"

"ओ गॉड, नो!" जुईलीनं कानांवर हात ठेवले. "ते आईचं. तिथं नुसता ढोकळा असतो!"

यात खोटं काहीच नव्हतं. शर्वरी भगिनी मंडळाची चिटणीस होती आणि गेली कित्येक वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला शीलाताईंच्या वाट्याला ढोकळा करणंच येत होतं. मुलगा जयदीप जर्मनीला गेल्यापासून तर त्यांना वाटायचं, आपण कुणाची आई, कुणाची बायको आणि उरलेल्या वेळात ढोकळा! आपलं म्हणून काही असावं, जिथं कुणी आपल्याला घरावरून ओळखत नाही. त्यांनी अर्ज केला.

या पर्ल्समध्ये प्रत्येक नव्या मुलीला एक थोरली बहीण नेमून देत. शीलाताईंना मिळाली जुईली. ज्या पोरीचे लंगोट आपण बदलले तीच आता आपली थोरली बहीण!

"काकू, आईला एक वर्डसुद्धा नाही सांगायचा हं! तिला वाटतं मी लायब्ररीत असते."

"नाही सांगत. आणि तू मला कॉलेजात काकू म्हणू नकोस."

"ओके, काकू."

पर्ल्सची अध्यक्ष होती लैला. तिचे खापरपणजोबा समुद्रात बुड्या मारून मोती काढायचे, त्यामुळे मोत्यांचा विषय निघाला की तिचा आवाजच बदलायचा. तिनं प्रवेशाचे नियम समजावून सांगितले. प्रवेशाच्या दिवशी झोपेतून उठल्यापासून सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानपर्यंत मिटल्या शिंपल्यासारखं तोंड बंद. अंगावर फक्त पांढरा कपडा. रंग नको, दागिना नको, चेहऱ्यावर टिकलीएवढंही काही नको. आणि शपथ घेतल्यावर पदवी हातात पडेपर्यंत बाहेर कुणालाही काही सांगायचं नाही. सांगितलं की नाव कमी!

दोघीतिघींनी तर तोंडावरच शंका काढली, की आंट्यांच्या पोटात काही राहत नाही, कशाला घ्यायचं? शीलाताईंना ते फार लागलं. आता जीव गेला तरी चालेल, पण शब्द फुटणार नाही!

तो दिवस उजाडला. प्रतापराव सकाळी रात्रपाळीवरून आले. शीलाताईंनी न बोलता चहा दिला, न बोलता पोहे दिले. प्रतापरावांना यात वेगळं काही जाणवलं नाही. जाणवलं असलंच, तर ते त्यांना आवडलं असावं. ते फोन बंद करून गाढ झोपले.

दुपारी शीलाताई तयारीला लागल्या. पांढरा ड्रेस अंगात शिरेना. मग मंडळाच्या कार्यक्रमात त्या एकदा सरस्वती झाल्या होत्या, तेव्हाची पांढरी सुती साडी काढली. टिकली काढली, बांगड्या काढल्या. मंगळसूत्रापाशी मात्र हात अडला. बोलायची बंदी होती, लिहायची नव्हती. त्यांनी जुईलीला मेसेज केला, "मंगळसूत्र दागिन्यात येतं का?"

"इज इट शायनी?" जुईलीनं विचारलं.

"हो."

"देन येस."

शीलाताईंनी ते प्रतापरावांच्या उशाशी, चष्म्याशेजारी ठेवलं आणि त्या खाली उतरल्या.

बाहेर धुळीचा वारा सुटला होता. टॅक्सीची वाट बघता बघता डोळ्यांत धूळ गेली आणि घळाघळा पाणी वाहू लागलं. शीलाताईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. आणि नेमकी त्याच वेळी जमईयाच्या दुकानातून भाजीच्या पिशव्या घेऊन शर्वरी आली!

पांढरी साडी. मोकळं कपाळ. ओका गळा. डोळ्यांना धार. शर्वरीच्या हातातली कोथिंबीर खाली पडली.

"अगं बाई, शीला! हे काय? प्रतापराव कुठायत?"

शीलाताईंनी ओठ घट्ट मिटले आणि बोट वर केलं. म्हणजे, सहाव्या मजल्यावर.

"वर?" शर्वरी मटकन पायरीवर बसली. "कधी? काल तर बरे होते!"

शीलाताईंनी एक तळवा गालाखाली धरून मान कलती केली. म्हणजे, आत्ता झोपलेत.

"झोपेतच!" शर्वरीनं हुंदका दिला. "काही त्रास झाला का गं त्यांना?"

त्रास कसला? घोरतायत की मजेत! शीलाताईंनी जोरजोरात मान हलवली.

"तेवढंच बरं. पुण्यवान माणूस! जयदीपला कळवलंस?"

जयदीपला? या पांढऱ्या अवताराबद्दल त्याला कळवायची काय गरज? शीलाताईंनी घाईघाईनं दोन्ही हात जोडले, की बाई गं, जयदीपला यातलं काही कळू देऊ नकोस! तेवढ्यात टॅक्सी आली. शर्वरी मागून ओरडली, "एकटी कुठे निघालीस अशी? थांब, कुणाला तरी बरोबर येऊ दे!" पण शीलाताई निघून गेल्या होत्या.

बनेद अल-गारला लैलाच्या आजीच्या घरी सगळ्या जमल्या होत्या. पोरींचे फोन दारातच एका टोपलीत जमा झाले. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, हातात मेणबत्त्या. टोपलीतले दोन फोन सारखे घूं घूं करत थरथरत होते, पण शिंपल्यांना त्याचं काय! अजान झाली. शीलाताईंनी शपथ घेतली. लैलानं त्यांच्या गळ्यात पांढऱ्या दोऱ्यात ओवलेला एक मोती बांधला आणि सगळ्यांसमोर कबूल केलं, की आजवरचा सगळ्यात शांत शिंपला हाच. ज्यांनी शंका काढली होती त्या पोरींनी शीलाताईंना मिठ्या मारल्या. शीलाताईंना भरून आलं. लग्नात लोकांनी नवरी पाहिली होती, बारशाला जयदीपला पाहिलं होतं. पण निव्वळ शीला म्हणून एवढ्या माणसांनी टाळ्या वाजवायची ही पहिलीच वेळ.

परतीच्या टॅक्सीत जुईलीनं फोन उघडला आणि ती किंचाळली.

"काकू! आईचे फॉर्टी वन मिस्ड कॉल्स! ती म्हणते... प्रतापकाका इज डेड!"

शीलाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. झोपलेला माणूस सोडून आपण मेणबत्त्या धरायला गेलो! घरापर्यंतचा रस्ता कसा सरला ते त्यांना कळलं नाही. लिफ्टसाठी थांबवेना म्हणून त्या सहा मजले जिन्यानं चढल्या. दारात चपलांचा ढीग होता. ढीग ओलांडून त्या आत धडकल्या.

खोली माणसांनी भरलेली. आणि मधोमध सोफ्यावर प्रतापराव पिठलं-भात खात बसले होते!

"आलीस?" ते म्हणाले. "शर्वरीवहिनींनी पिठलं झकास केलंय. घे थोडं."

शीलाताई तिथंच खाली बसल्या. मग पोटभर रडल्या. दुपारी धुळीनं आलेलं पाणी याच्यापुढे काहीच नव्हतं!

मधल्या वेळात काय झालं होतं, ते त्यांना तुकड्या-तुकड्यांनी कळलं. शर्वरीला एकटीनं वर जायचा धीर झाला नाही, म्हणून तिनं आधी मंडळाच्या ग्रुपवर बातमी टाकली होती. भराभर श्रद्धांजल्या आल्या होत्या. रत्नागिरीचा नूरुद्दीन, जो अशा वेळी धावून येऊन सगळ्यांची कागदपत्रं करून देतो, तो सर्वांत आधी पोचला. त्यानं प्रतापरावांना कधी पाहिलेलं नव्हतं. दार उघडणारा हा लुंगीतला, सुजल्या डोळ्यांचा माणूस म्हणजे मयताचा भाऊ, असं तो धरून चालला.

"भाऊ, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका," त्यानं प्रतापरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "फक्त पासपोर्ट आणि सिव्हिल आयडी द्या. दोन दिवसांत गावी पोचवतो."

प्रतापरावांनी रजेचा अर्ज केला होता. त्यांना वाटलं, कंपनीनं तिकिटाचा माणूस पाठवला! त्यांनी खुशीत कागद काढून दिले. "खिडकीजवळची जागा मिळेल का हो?"

नूरुद्दीननं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. दुःखात माणसाचं डोकं चालत नाही, हे त्यानं पुष्कळ पाहिलं होतं. "भाऊ, आडवंच जावं लागतं."

"म्हणजे बिझनेस क्लास!" प्रतापराव आनंदानं ओरडले आणि नेमकी तेव्हाच हार घेऊन मंडळी आत शिरली.

ते झालं. पण माणूस जिवंत निघाल्यावर मंडळींपुढे दुसरा प्रश्न उभा राहिला आणि तो पहिल्यापेक्षा बिकट होता. शर्वरीनं उशाजवळचं मंगळसूत्र सगळ्यांसमोर धरलं.

"शीला, मग हे काय? ही साडी काय? भांडलात का तुम्ही?"

"आम्ही?" प्रतापराव म्हणाले. "आमचं सकाळपासून बोलणंच नाही."

सगळे शीलाताईंकडे पाहू लागले. शीलाताईंनी तोंड उघडलं. मागे जुईली दाराला टेकून उभी होती, तिचा रंग उडाला होता. एक वाक्य बोललं की सगळं मिटणार होतं. आणि त्याच वाक्यानं नाव कमी होणार होतं, पोरीची लायब्ररी बुडणार होती, आणि आंट्यांच्या पोटात काही राहत नाही हे कायमचं सिद्ध होणार होतं! बरं, खोटं बोलावं तर ते त्यांना जन्मात जमलं नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, सांगायचं ते खरंच, पण बेतानं.

"माझं मौन होतं," त्या म्हणाल्या.

"मौन? कशाचं?"

"ते सांगता येत नाही. शपथ आहे."

"आणि गेली कुठे होतीस?"

"बहिणींकडे."

शीलाताईंना सख्खी-चुलत एकही बहीण नाही, हे अख्ख्या मंडळाला ठाऊक होतं. खोलीत चुळबुळ झाली.

"या बहिणी पांढरंच नेसतात?" शर्वरीचा आवाज आता खाली आला होता.

"हो. तिथं सगळ्या सारख्या. दागिने सोडूनच आत जावं लागतं."

"आणि हे गळ्यातलं?"

"ते त्यांनी बांधलं. शपथ झाल्यावर."

"दीक्षा!" कुणीतरी पुटपुटलं.

"अहो, दीक्षा नाही..." शीलाताई घाईनं म्हणाल्या आणि थांबल्या. मग काय आहे, ते सांगायची सोय नव्हती.

"कोणी दिली? मोठ्या अधिकारी बाई असतील?"

"छे! वयानं फार लहान आहे हो. वीस-एकवीसची असेल."

"बालयोगिनी!" शर्वरीनं हात जोडले. आणि शीलाताई "अगं, अगं" म्हणत मागे सरकेपर्यंत ती खाली वाकलीसुद्धा! शर्वरी वाकल्यावर मंडळ कसं उभं राहणार? नूरुद्दीन तेवढा दारात अवघडून उभा राहिला आणि त्यानं पासपोर्ट मुकाट्यानं टीपॉयवर ठेवला.

पुढच्या आठवड्यात सहाव्या मजल्यावर रांग लागू लागली. कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अडला होता, कुणाचं प्रमोशन, कुणाचं सुनेशी पटत नव्हतं. शीलाताई "मला यातलं काही कळत नाही" असं कळवळून सांगायच्या आणि लोक एकमेकांना म्हणायचे, बघा, किती निगर्वी! ढोकळा मात्र आता कुणी करायला सांगत नव्हतं. लोकच आणून ठेवायचे. प्रतापराव तो खायचे आणि मजेत झोपायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शर्वरी जुईलीला घेऊन आली. "बसू दे हिला तुझ्या पायाशी, माताजी. नुसती लायब्ररीत बसते, डोक्यात काही शिरत नाही."

जुईली गंभीर चेहऱ्यानं वाकली. "आशीर्वाद द्या, माताजी. उद्या सायकॉलॉजीची मिडटर्म आहे."

मिडटर्म शीलाताईंचीही होती! रांगेच्या गडबडीत त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं. पण थोरल्या बहिणीनं मागितलं तर नाही कसं म्हणायचं? त्यांनी जुईलीच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जोरातच.

जुईलीला ब्याऐंशी मार्क मिळाले. शीलाताई नापास झाल्या.

ही बातमी मंडळात पोचली आणि दुसऱ्या दिवसापासून रांग दुप्पट झाली. बाईंनी स्वतःचे मार्क पोरीला देऊन टाकले म्हणे!