हवालदारांचा नाका

पलूसजवळच्या आमच्या वाडीत तात्या हवालदारांच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी आपण कोणत्या मुलखातून आलो, हे सांगावे लागे. "शाळा मुलखातून," असे मी गंभीरपणे सांगितल्यावरच घोंगडे अंथरले जाई. गोठा हा एक प्रांत, परसदार दुसरा. कोंबडी इकडून तिकडे गेली, की "बिनदाखल्याची गेली बगा," असे ते मला दाखवून देत.

हे वेड त्यांनी ब्रह्मदेशातून आणले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिथे काही काळ इंग्रजी लष्कराचा अंमल होता. डोंगरागणिक भाषा बदलणाऱ्या त्या देशात साहेबलोक तंबूत बसून नवे प्रांत आखीत आणि हद्दीवर खुंट्या ठोकण्याचे काम हवालदारांच्या तुकडीकडे येई.

"राज्य करनं लय सोपं, मास्तर," ते म्हणत. "कागदावर रेघ, जमिनीत खुंटी. मानसं मग आपसूक येगळी हुत्यात."

ते परतले तेव्हा धाकट्या भावाने, ज्ञानूने, घर परस्पर वाटून घेतले होते. भांडण झाले, बोलणे तुटले. तेव्हापासून हवालदार रोज सकाळी अंगणाच्या मधोमध चुन्याची सरळ रेघ ओढीत. मात्र तिच्यात माणूस जाईल एवढी जागा कोरी ठेवीत. तिला ते नाका म्हणत आणि दिवसभर तिथेच बसत. ज्ञानू कधी त्या बाजूला फिरकला नाही.

संस्थाने विलीन होऊन दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला, तेव्हा मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवले.

"राजेलोकांच्या हद्दी मिटल्या म्हनायच्या," एवढेच ते बोलले.

मग हा नाका कशासाठी, असे मी विचारले. चुन्याची पाटी खरडत ते सांगू लागले. ब्रह्मदेशात एका खेड्याच्या मधूनच हद्द गेली होती. पलीकडचा एक म्हातारा अलीकडच्या भावाला हाका मारीत राहिला, आणि मध्ये बंदूक घेऊन उभे होते ते हवालदार.

"भाषा कळंना, पर हाक कळती की," ते म्हणाले. "तवापास्नं रेघ वढली, की वाट सोडतो."

त्या हिवाळ्यात ते तापाने अंथरुणाला खिळले. मी समाचाराला गेलो, तर अंगणात रेघ ताजी होती. पण वाकडीतिकडी, आणि नाका बैलगाडी जाईल एवढा रुंद. पलीकडच्या पायरीवर ज्ञानू चुन्याने माखलेले हात घेऊन बसला होता.

हवालदारांनी ओसरीवरच्या खाटेवरून मान उचलून पाहिले.

"त्येला सांगा मास्तर, रेघ वाकडी हाय." मग भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, "म्हनावं, हिकडं ये. शिकिवतो."