यात काय काय नाही

क्रीम अजून व्हायचं होतं, पण त्याची दहा हजार लेबलं छापून आली होती. मालकांच्या भाच्याने गठ्ठा केमिस्टबाईंच्या टेबलावर असा ठेवला, जणू अर्धं काम त्याने उरकलंच होतं.

केमिस्टबाईंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. प्रिझर्व्हेटिव्ह नाही. सुगंध नाही. रंग नाही. तेल नाही. मेण नाही. टाल्क नाही. असे चौदा नकार एकाखाली एक उभे होते.

"मॅडम, हल्ली लोक काय आहे ते वाचत नाहीत," भाचा म्हणाला. "काय नाही ते वाचतात."

"आणि ही वस्तू काय आहे, ते कुठे लिहिलंय?"

"जागा उरली नाही."

तेवढ्यात मागून मालक आले. "शुक्रवारी अकराला बारा दुकानं असलेल्या एक मालकीणबाई येतायत. लेबलाचा फोटो बघूनच खूश झाल्यात. आता आतलं तेवढं करा."

"साहेब, टोपी आधी शिवून मग डोकं शोधत फिरायचं?"

"जमत नसेल तर तसं सांगा. लॅब बंद करू, माल तयार आणू. तुम्ही पॅकिंगला बसा, झाकणं घट्ट लागतात का ते बघा."

केमिस्टबाईंनी लेबलांचा गठ्ठा जवळ ओढला. लॅबच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. सबंध कारखान्यात आत येताना लोक दार वाजवतात अशी ती एकच खोली होती. घरीसुद्धा बाईंना तशी खोली नव्हती.

सोमवारी त्यांनी नेहमीचं क्रीम केलं आणि त्यातून प्रिझर्व्हेटिव्ह वगळलं. गुरुवारी सकाळी बरणीला हिरवट मिसरूड फुटलं होतं. बुरशीला पाणी लागतं, म्हणून पाणी काढलं. पाणी गेल्यावर तेल-पाण्याची दिलजमाई करणाऱ्या इमल्सिफायरला काही कामच उरलं नाही. भांडणाऱ्यातला एक घर सोडून गेल्यावर मध्यस्थाला चहा तरी कशाला पाजायचा? तोही काढला. राहिलं तेल आणि मेण. दोघांची नावं लेबलावर ठळक अक्षरात होती. दुपारी चारला बरणी लख्ख रिकामी होती आणि लेबल मात्र अक्षरशः खरं झालं होतं.

बाई उठून स्टोअरमध्ये गेल्या.

"काका, आपल्याकडे असं काय आहे, जे तेल नाही, पाणी नाही आणि मेणही नाही?"

स्टोअरकीपर काकांनी रजिस्टर मिटून विचार केला. "मी आहे."

"तुम्ही चेहऱ्याला लावण्यासारखे नाही."

"घरीही हेच म्हणतात. मग मक्याचा स्टार्च बघा. पावडरीसाठी मागवलेली गोणी तशीच पडलीय."

बाईंनी चौदा नकारांवरून बोट फिरवलं. स्टार्चचं नाव त्यात नव्हतं. भाचा विसरला होता.

शुक्रवारी पावणेअकराला मालकांनी बरणीचं झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा आतल्या मालाच्या रंगाचा झाला.

"बाई, हे पीठ आहे."

"स्टार्च आहे, साहेब. तीनदा चाळलाय."

"क्रीम कुठाय?"

"लेबलावर कुठाय?"

मालकांनी बरणी गोल फिरवून पाहिली. सगळ्यात आधी भाचा सावरला. "मामा, पाणी गिऱ्हाइकाचं. घरचं, रोज ताजं. आपण फक्त..."

पुढचं त्याला सुचायच्या आत मालकीणबाई ते ऐकतच आत आल्या. त्यांनी चिमूटभर पावडर हातावर घेतली, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी शिंपडलं, चोळलं, वाळू दिलं आणि पुसलं. मग बराच वेळ त्या स्वतःच्याच हातावरून बोट फिरवत राहिल्या.

"मऊ लागतंय. यात आहे काय?"

मालकांना खोकला आला. केमिस्टबाईंच्या डोळ्यांपुढे झाकणांचा डोंगर उभा राहिला. आता थाप मारूनही डोंगर काही हलणार नव्हता.

"एकच गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं काहीही नाही."

"सहा कारखाने फिरून आले मी. प्रत्येकाने चाळीस-चाळीस नावं वाचून दाखवली, आणि वाचणाऱ्यालाच ती उच्चारता येत नव्हती. कोणती ती एक गोष्ट?"

बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं. मालकीणबाईंनी वाचलं, चिठ्ठीची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"इतकं सोपं आहे?"

"हो."

"मग तर हे कुणालाच कळता कामा नये. उद्या पोरंटोरंसुद्धा करतील." त्या मालकांकडे वळल्या. "बारा दुकानांना माल पाहिजे. पण एका अटीवर. करणार याच बाई, बंद दाराआड. आणि ही एवढीशी खोली चालायची नाही. एवढ्या मोठ्या गुपिताला शोभेल अशी लॅब बांधा."

तीन महिन्यांत लॅब बांधून झाली. तिला दोन कुलपं होती, एक भलामोठा मिक्सर होता आणि फॉर्म्युला शिकायला नेमलेल्या दोन पदवीधर मुली होत्या. पहिल्या सोमवारी नऊ वाजता केमिस्टबाईंनी दाराला आतून कडी घातली आणि गोणीची सुतळी कापली. साडेनऊपर्यंत आठवड्याचा माल चाळून झाला.

मुली वह्या उघडून उभ्याच होत्या. "मॅडम, आता पुढची स्टेप?"

केमिस्टबाईंनी खुर्ची ओढली, पर्समधून विणकाम काढलं आणि बोटानेच रिकामा मिक्सर दाखवला.

"तो चालू करा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी साडेपाचला बंद करायचा."