मोडली तर तुमची

आमच्या शेजारचे गुरलिंगप्पा कुणाच्याही हातात काठी दिसली की आधी ती वाकवून बघत. मग ती गुराख्याची असो, नाहीतर माझी शाळेतली छडी असो.

निजामाच्या अमलात ते येडशीच्या जंगलाचे चौकीदार होते आणि मी तिथल्याच शाळेत मास्तर. गावाला सरपणासाठी वाळकं लाकूड नेण्याची मुभा होती, ओल्याला हात लावायची बंदी. वाळकं कोणतं नि ओलं कोणतं, यावरून रोज भांडणं. आप्पांनी त्यावर स्वतःचा कायदा काढला होता: "मोडली तर तुमची, वाकली तर सरकारची." बायकांना वाटेत थांबवून ते मोळीतली एकेक काडी तपासत. बायका त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आप्पा शांतपणे म्हणत, "यंदा वली तोडली, तर पुढल्या साली वाळंल काय?"

एकदा खात्याचे दरोगासाहेब दौऱ्यावर आले. सकाळी त्यांनी दातणाला लिंबाची काडी मागितली. आप्पांनी झाडावरचीच एक वाकवून दाखवली. "हुजूर, वाकती." साहेबांनी त्या दिवशी राखुंडीनं दात घासले आणि आप्पांची बढती जन्मभर तिथंच अडकली.

बायकोलाही सूट नव्हती. शिवम्माच्या मोळीतली एक काडी वाकली म्हणून तिला भर वाटेतून माघारी पाठवलं, हे ते स्वतःच कौतुकानं सांगत. शिवम्मा जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून आप्पा गोवऱ्यांच्या धुरात डोळे पुसत दोन भाकरी भाजून घेत. घराच्या कोपऱ्यात वाळकी मोळी तशीच पडून असे. जंगल राखून पोट भरेना, म्हणून घरचं सरपणही राखतात, अशी आम्ही टिंगल करायचो. त्यात मी पुढं.

त्या श्रावणात आठ दिवस झड लागली. माझी बायको तीन दिवसांची बाळंतीण. गावभर सरपण भिजलं, गोवऱ्यांचा लगदा झाला. बाळाचे हातपाय गार पडू लागले आणि शेक द्यायला घरात विस्तव नव्हता. चौकीत जप्तीची लाकडं कोरडी होती. मी आप्पांपुढं हात जोडले.

"ते सरकारचं हाय, मास्तर," एवढंच बोलून ते घरात गेले. मी मनात त्यांना नको नको ते बोललो.

जरा वेळानं आप्पा घोंगडीखाली काहीतरी झाकून आमच्या दारात आले. कोपऱ्यातली मोळी होती. त्यातलं एक लाकूड ओढून त्यांनी गुडघ्यावर दाबलं. कडकन मोडलं.

"मोडली. तुमची," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "तिनं बांधलेली शेवटची हाय. दोरी तेवढी परत द्या. गाठ सोडू नका."

मला माझी फार लाज वाटली. एकेक लाकूड मी अलगद सरकवून काढलं.

बाळाच्या अंगात ऊब आल्यावर दोरी घेऊन गेलो. आप्पांनी गाठ बोटांनी दोनदा चाचपली आणि दोरी पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवली.